जांभळाच्या फांदीवरची नारिंगी छत्री : प्रकल्प नोंदी

जांबोटी–कणकुंबी पट्टा, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. हायस्कूलच्या विज्ञान मंडळाचा पावसाळी प्रकल्प, २०२५. मापं आणि चित्रं आठवी-नववीच्या मुलांची, लिहिणं माझं.

२९ जून

मंडळाची पहिली बैठक झाली. यंदाचा विषय अळंबी. खाण्याची अळंबी आमच्या मुलांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. कुठल्या बांधावर, कुठल्या वारुळाशी, मिरगानंतर किती दिवसांनी, सगळं तोंडपाठ. बाकी जे काही उगवतं त्याला ‘कुत्र्याची छत्री’ म्हणायचं आणि जाता जाता लाथ मारायची. त्या लाथेखाली जाणाऱ्यांची नोंद आपण करायची, एवढं ठरलं.

नियम कडक ठेवलेत. भीमगड अभयारण्य आणि राखीव जंगलातून काडीसुद्धा उचलायची नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते. तिथे दिसलं तर फोटो काढायचा आणि पुढे व्हायचं. नमुने फक्त मालकीच्या रानातून आणि मालकाला विचारून. खायचं नाही, जिभेला लावायचं नाही. दोन पालकांनी विचारलं, नुसता हात लागला तर विष चढेल काय? नाही. अळंबीचं विष पोटात गेल्याशिवाय बाधत नाही. तरी हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

साहित्य : दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, छोटा चाकू, वेताची टोपली, वर्तमानपत्राच्या पिशव्या, पेन्सिल. शाई पावसात पसरते. प्लॅस्टिकची पिशवी मुळीच नको, आत घाम सुटून शाळेत पोचेपर्यंत अळंबीचा लगदा होतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

तरणा पाऊस लागला. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका पालकांचं रान आहे. ऐन, किंदळ, जांभूळ, खाली अंजनीची दाट झुडपं. भर दुपारी तिथे दिवेलागण झाल्यासारखा अंधार असतो. वाऱ्याने पडलेली जांभळाची एक जाड फांदी ओढ्यावर आडवी आहे, साल निम्मी गळालेली, लाकूड नखाने दाबलं तर दबतं. तिथे नववीतली एक मुलगी थांबली आणि “बाई, हे बघा” म्हणून ओरडली.

फांदीच्या खालच्या कुशीला, पाणी थेट पडणार नाही अशा जागी, भगव्या रंगाच्या चार छत्र्या. शेजारी दोन कळ्या, वाटाण्याएवढ्या.

आम्ही सगळे ओल्यात गुडघे टेकून बसलो. भिंगातून पाहिलं तर टोपीवर मऊ काटे. काटे म्हणजे टोचणारे नव्हेत, तंतूंचे झुपके वर येऊन टोकाला जुळलेले, मधोमध दाट आणि कडेला विरळ. कळीवर ते इतके गच्च की मधली टोपी दिसतच नाही, दिवाळीत लावायच्या झेंडूचा छोटा गोंडाच जणू. काट्यांचा रंग गडद नारिंगी, त्यांच्या मधली टोपी पिवळसर.

जागेवरच लिहून घेतलेलं :

सर्वांत मोठी टोपी १८ मिमी. देठ ३२ मिमी लांब, ३ मिमी जाड, वरती फिका आणि बुडाकडे नारिंगी खवले. देठाला कडं, म्हणजे बांगडीसारखा पातळ पडदा, नाही. देठाचं बूड वेढणारी पिशवीही नाही, देठ सरळ लाकडाला चिकटलेला. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या, किंचित पिवळसर झाक, जाड आणि एकमेकींपासून लांब लांब. दोन लांब पात्यांच्या मध्ये आखूड पात्या. पात्या देठाला जोडलेल्या आहेत, थोड्या खालीही उतरल्यात. मोडल्यावर रंग बदलत नाही, चीक येत नाही. वास ओल्या लाकडाचाच.

हे सगळं रानातच लिहायचं, असा माझा आग्रह असतो. घरी आणलेल्या अळंबीला जागा नसते. ती मातीतून आली की लाकडातून, एकटी होती की घोळक्यात, सावलीत की उघड्यावर, हे कुणी सांगू शकत नाही, आणि ओळखीचं निम्मं काम तिथेच असतं.

दोन छत्र्या आणि एक कळी घेतली, लाकडाच्या कपच्यासकट. बाकीच्या तिथेच राहू दिल्या.

७ जुलै

काल संध्याकाळी बीजाणूंचा ठसा घ्यायला ठेवला होता. बीजाणू म्हणजे अळंबीचं बी, पात्यांतून भुकटीसारखं झडणारं. पद्धत सोपी आहे, घरी कुणालाही जमेल. देठ कापून टोपी पालथी, म्हणजे पात्या खाली करून, कागदावर ठेवायची. कागद निम्मा काळा, निम्मा पांढरा. वर वाटी झाकायची, म्हणजे वारा लागत नाही आणि ओल टिकते. रात्रभर हलवायचं नाही.

सकाळी प्रार्थनेआधीच मुलं प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होती. वाटी उचलली. पांढऱ्या कागदावर काही दिसलं नाही, काळ्या कागदावर चक्राच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या. भगव्या छत्रीची भुकटी पांढरी निघाली याचं मुलांना फार नवल वाटलं. एकाने विचारलं, रंग मग कुठे गेला? रंग टोपीच्या सालीत आहे. बीजाणूंचा रंग हा वेगळा मामला आहे, आणि ओळखीसाठी तोच जास्त भरवशाचा. टोपी उन्हाने विटते, पावसाने धुऊन निघते, वयाने फिकी पडते. एकाच जातीच्या पिकलेल्या बीजाणूंचा रंग सहसा तसाच राहतो.

१० जुलै

नाव शोधायला बसलो. मोबाइलवरच्या ॲपला एकाच छत्रीचे दोन बाजूंनी काढलेले फोटो दाखवले, तर त्याने दोन निरनिराळी नावं दिली, हायग्रोसायबी आणि ॲमानिटा. ॲप रंग आणि आकार बघतं, त्याला फांदी उलटून खाली बघता येत नाही. म्हणून फळ्यावर एकेक वंश लिहिला आणि आपल्या नोंदी समोर ठेवून खोडत गेलो.

हायग्रोसायबी : लाल, पिवळी, नारिंगी, सगळी रंगाची उधळण या वंशात आहे, आणि बीजाणूही पांढरे. पण पात्या मेणासारख्या तुकतुकीत, टोपी बहुधा ओशट, असे काटे नसतात, आणि ती साधारणपणे मातीतून, गवता-शेवाळातून येते. खोडली.

ॲमानिटा : पांढरे बीजाणू, टोपीवर खवलेही असतात. पण पात्या देठापासून सुट्या, बुडाशी पिशवी किंवा तिचे अवशेष, बहुतेकींना कडं, आणि बहुतेक जाती जिवंत झाडांच्या मुळांशी संधान बांधून मातीतून उगवतात. आमची कुजक्या फांदीवर. खोडली.

ल्युकोकोप्रिनस : पिवळीधमक, कुंडीत उगवते ती पुष्कळांनी पाहिली असेल. बीजाणू पांढरे. पण देठाला नाजूक कडं असतं, पात्या सुट्या असतात, टोपीच्या कडेला बारीक चुण्या असतात. खोडली.

फोलिओटा आणि जिम्नोपायलस : लाकडावर येतात, खवलेही असतात, रंगही जवळचा. इथे मुलं अडली. मग नववीतल्या त्याच मुलीने काळा कागद वर धरला. या दोघींचे बीजाणू तपकिरी किंवा गंजाच्या रंगाचे. आपले पांढरे. एका वाटीखालच्या ठशाने दोन वंश एकदम गेले.

उरला तो सिप्टोट्रामा. लाकडावर, पांढरे बीजाणू, विरळ जाड पात्या जोडलेल्या, कडं नाही, पिशवी नाही, टोपी पिवळी ते नारिंगी आणि काटेरी. प्रत्येक खूण बसते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नाव शाईने लिहायचं नाही.

१५ जुलै

त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या आजी चुलीपुढे बसल्या होत्या. फोटो दाखवला तशा म्हणाल्या, “ह्या रंगाचं कुणी खात न्हाईत गे बाई. पांढरं आसलं, वारुळावरचं आसलं, तरच हात लावायचा. आणि उपटून बघायचं, मूळ खाली खोल जायाला पायजे.”

मी हे शब्दशः लिहून घेतलं, कारण त्यात फार मोठी माहिती आहे. वारुळाची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते, आणि पावसात त्या शेतातून छत्र्या वर येतात. म्हणून तिचा देठ मातीखाली मुळासारखा लांब जातो, थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत. टोपीच्या मध्यावर अणकुचीदार टोक असतं, तेच माती भेदून वर येतं. आजींच्या नियमात जागा आहे, मूळ आहे, रंग आहे. तीन खुणा, एकत्र.

नातीला मात्र विचारलं तर ती म्हणाली, “रंगीत ते विषारी, पांढरं ते चालतं.” तीनातली एकच खूण खाली उतरली, आणि नेमकी सर्वांत कच्ची. ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. उद्या वर्गात विचारायचं, आणखी कितीजणांना एवढंच माहीत आहे.

१६ जुलै

जवळजवळ सगळ्यांना. शिवाय लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचं नाणं काळवंडलं तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसाला चालते, हेही आलं. यातलं एकही खरं नाही. ॲमानिटा वंशातल्या काही अत्यंत विषारी छत्र्यांनी ना लसूण काळा होतो ना चांदी. त्यांचं विष शिजवून जात नाही, आणि लक्षणं दिसायला सहा ते चोवीस तास लागतात. तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.

२० जुलै

म्हातारा पाऊस. रानात जाणं कठीण, ओढ्याला पाणी. शाळेजवळच फिरलो आणि रंगीत तेवढं टिपलं : बांबूच्या काडक्यांवर पिवळ्या देठाच्या मायक्रोपोरसच्या चिवट वाट्या; शेंदरी ट्रॅमेटीस, कुंपणाच्या वाळक्या खांबावर; डॅक्रायोपिनॅक्सच्या पिवळ्या, ओल्या, चमच्यासारख्या जिभा; गुलाबी कुकेनाचा एकच पेला, काठाला केस. जाळीचा झगा घातलेली फॅलसही एका मुलाने पाहिली, पण आम्ही पोचेपर्यंत ती कोसळली होती आणि माशा घोंघावत होत्या.

या सगळ्यांत विरळा काही नाही, पश्चिम घाटात पावसाळ्यात दिसतातच. तरी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. जन्मापासून याच वाटेने शाळेला येतात.

२३ जुलै

आठवीतला मुलगा क्रीडांगणाच्या कडेच्या गवतातून मोठाल्या पांढऱ्या छत्र्या घेऊन आला. आईला न्यायच्या म्हणून वेगळ्या बांधल्या होत्या, आधी मला दाखवाव्यात असं त्याला वाटलं. त्याला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

टोपी १४ सेंमी, पांढरी, मध्यावर तपकिरी साल फुटून खवले झालेले. देठाला जाड कडं, बोटाने वर-खाली सरकतं. मूळ नाही, बुडाला नुसती गाठ. मध्यावर टोक नाही. जागा गवताची, वारूळ जवळपास नाही. आजींच्या तीन खुणांपैकी फक्त रंग जुळतो.

दिसायला इतकी सुरेख की भाजी करावीशी वाटावी. ठसा ठेवला, वाटी पुरेना, पातेलं झाकलं.

२४ जुलै

ठसा हिरवा.

स्पष्ट, मळकट हिरवा. पांढऱ्या कागदावर दुरूनही दिसतो. मोठ्या छत्रींमध्ये असा ठसा देणारी फार थोडी, आणि गवतात येणारी, सरकत्या कड्याची ही म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. उष्ण प्रदेशात सगळीकडे, पावसानंतर हिरवळीत आणि चराऊ गवतात येते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, आणि लहान मुलांच्या अंगातलं पाणी झपाट्याने जातं. कोवळेपणी हिच्या पात्याही पांढऱ्याच असतात, हिरवट झाक नंतर चढते. म्हणजे कोवळी खुडून आणली तर नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही.

काळ्या कागदावरचा पांढरा ठसा आणि पांढऱ्या कागदावरचा हिरवा ठसा, दोन्ही शेजारी शेजारी भिंतीला लावले. एकाखाली भगव्या काटेरी टोपीचं चित्र, दुसऱ्याखाली पांढऱ्या छत्रीचं. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना समजावून सांगत होती.

मुलाच्या आई संध्याकाळी शाळेत आल्या. ठसा बराच वेळ बघत राहिल्या. मागच्या पावसात शेजारच्या घरी सगळ्यांना एकदम उलट्या झाल्या होत्या, ते यानेच काय, असं त्यांनी विचारलं. काय खाल्लं होतं ते आता कळायला मार्ग नाही, तेव्हा हो किंवा नाही म्हणता येणार नाही. पुन्हा तसं झालं तर अळंबीचा उरलेला तुकडा दवाखान्यात सोबत न्यायचा, एवढं त्यांना सांगितलं. शिजवलेली असली तरी न्यायची. डॉक्टरांना तीच वाट दाखवते.

२९ जुलै, नागपंचमी

आज माती उकरायची नाही, काही चिरायचं-कापायचं नाही. पाळणूक सगळ्या गावाची, आमचीही. म्हणून फक्त बघायला गेलो.

जांभळाच्या फांदीवर नवीन कळ्या. रानात ठेवलेल्या जुन्या छत्र्यांपैकी एक अजून उभी होती, पण ओळखू येईना. काटे पावसाने झडून गेलेले, टोपी सपाट, फिकट पिवळी, मध्यावर तेवढे नारिंगीचे दोन-चार ठिपके. हीच एकटी आज प्रथम सापडली असती तर आमच्या यादीतली ‘काटेरी’ ही खूण गेली असती आणि शोध भलतीकडे वळला असता. म्हणून एका जातीची कळी, उमललेली आणि म्हातारी अशा तिन्ही अवस्था नोंदवायच्या. एका मुलाने तिन्हींचं चित्र एकाच पानावर काढलं. प्रकल्पातलं सर्वांत उत्तम पान तेच आहे.

२ ऑगस्ट

बेळगावच्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सूक्ष्मदर्शक वापरू दिला, दोन मुलांना सोबत नेलं. ठशातली भुकटी पाण्याच्या थेंबात, वर पातळ काच, हजारपट मोठं करून. बीजाणू गुळगुळीत, पातळ भिंतीचे, बदामासारखे, काही लिंबासारखे दोन्हीकडे निमुळते. लांबी ८ ते १० मायक्रोमीटर, रुंदी ६ ते ७. सिप्टोट्रामा आस्प्राटासाठी दिलेल्या मापात बसतात. आयोडीन असलेलं मेल्झरचं द्रावणही लावून पाहिलं, बीजाणू निळे-काळे झाले नाहीत. तेही जुळलं.

मुलाने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर म्हणाला, “बाई, ह्यातला एक पडला तर पुरे काय, नवीन उगवायला?” सहसा एक पुरत नाही. एका बीजाणूतून तंतू निघतात, पण छत्री यायला बहुधा जुळणाऱ्या दुसऱ्या तंतूंशी गाठ पडावी लागते. म्हणून तर ती लाखांनी बीजाणू सोडते.

१० ऑगस्ट

नाव शाईने लिहिलं.

या छत्रीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४७ सालचं. इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि बुरशीतज्ज्ञ माइल्स जोसेफ बर्कली यांनी श्रीलंकेतून आलेल्या नमुन्यांवरून ते केलं. पात्यांच्या छत्र्या त्या काळी बहुतेक सगळ्या ॲगॅरिकस या एकाच वंशात घालत, तशी हीही घातली. सिप्टोट्रामा हा वंश रोल्फ सिंगर यांनी १९६० मध्ये मांडला, आणि आजचं नाव १९८० चं, रेडहेड आणि गिन्स यांचं. श्रीलंका आणि आपला पश्चिम घाट जैवविविधतेच्या दृष्टीने एकच प्रदेश धरतात. तिथली छत्री इथल्या जांभळावर सापडावी हे म्हणून नवल नाही, पण मुलांनी नकाशावर बोट ठेवून कणकुंबीपासून श्रीलंकेपर्यंत रेघ ओढली तेव्हा मला फार बरं वाटलं.

अलीकडे डीएनएच्या आधारे आशियातल्या दिसायला सारख्या काही जाती वेगळ्या काढल्या गेल्यात. तेव्हा चिठ्ठीवर ‘सिप्टोट्रामा, आस्प्राटा गट’ असं लिहिलं. डीएनए तपासल्याशिवाय त्यापुढे जाणं योग्य नाही.

खाण्याच्या रकान्यात : खाद्य म्हणून नोंद नाही, खाऊ नये.

१७ ऑगस्ट

नमुने वाळवले. खोक्यात साठ वॅटचा बल्ब, वर जाळी, तापमान चाळीस-पंचेचाळीसच्या आत. जास्त झालं तर अळंबी शिजते आणि पुढे कुणाला उपयोगी पडत नाही. भगवा रंग वाळल्यावरही बराच टिकला. कागदी पाकीट, आत ओल शोषणारं सिलिका जेल, वर चिठ्ठी : ठिकाण, तारीख, जांभळाची कुजकी फांदी, ओढ्याकाठची सावली, ताज्यापणीचे रंग, ठशाचा रंग.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. तिथे नमुना द्यावा असा विचार आहे, पत्र मुलांनीच लिहिलं. मसुद्यात ‘आमच्या रानातली’ असं होतं, मी ते खोडलं नाही.

२३ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधी भित्तिपत्रक पुरं केलं. भगव्या छत्रीला त्यात कोपरा मिळाला आहे, मोठी जागा पांढरीला दिली. मजकूर मुलांचा :

“गवतातली पांढरी छत्री घरी नेऊ नका. वारूळ नाही, खोल मूळ नाही, देठावर सरकतं कडं आहे, तर ती वारुळाची अळंबी नव्हे. रंग बघून ठरवू नका. लसूण, चांदी यांवर विसंबू नका. खाऊन त्रास झाला तर थांबू नका, उरलेला तुकडा घेऊन दवाखाना गाठा.”

आजींना वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य घालायला लावलं : “जाणत्या माणसानं उपटून बघितल्याबिगर शिजवू नका.” ते सर्वांत वर घातलं.

खालच्या अर्ध्या भागात हेच कन्नडमध्ये. शेजारच्या कन्नड शाळेतल्या सरांनी तपासून दिलं आणि त्यांच्याकडे लावायला दोन प्रती मागून घेतल्या. बाकीच्या दूध डेअरी, रेशन दुकान, अंगणवाडी आणि बसथांब्यावर लावायच्या आहेत. सोमवारी मुलं वाटून घेतील.